भाव ठरवणाऱ्यावर जबाबदारी का नको?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तयार कपडे, पादत्राणे आणि चामड्याच्या वस्तू यांच्या उद्योगाविषयी वृत्तपत्रांत सहसा दोनच प्रसंगी वाचायला मिळते. निर्यातीचे आकडे जाहीर झाले की व्यापाराच्या पानावर, आणि एखाद्या कारखान्यात आग लागली किंवा इमारत कोसळली की पहिल्या पानावर. मालाचा भाव कोणी ठरवला आणि त्या भावाचा त्या आगीशी काही संबंध होता का, हा प्रश्न मात्र दोन्ही बातम्यांत विचारला जात नाही. मी बराच काळ तयार कपड्यांच्या निर्यातीत दर काढण्याचे काम केले आहे. त्या कामातून आणि या उद्योगाच्या इतिहासातून माझे असे ठाम मत बनले आहे की, कारखान्यांच्या कितीही तपासण्या केल्या तरी, मालाचा भाव, नमुना आणि मुदत ठरवणाऱ्या खरेदीदाराला कायद्याने बांधून घेतल्याशिवाय या धंद्यातली माणसांची आणि पाण्याची नासाडी थांबणार नाही. ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या उद्योगांची मूळ अडचण कच्च्या मालातच आहे. धातूचा पत्रा यंत्राने एकदा पकडला की तो जागचा हलत नाही. कापड आणि चामडे मात्र वळते, सरकते, ताणले जाते. आयझॅक सिंगरने शिलाई यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ मध्ये. सूतकताई आणि विणकामात यंत्रांनी बहुतेक माणसांची जागा घेतली, पण शिलाईच्या सुईखाली कापड सरकवायला आजही दोन हात लागतात, आणि ते बहुतांशी स्त्रियांचे असतात. बुटांचीही हीच कथा आहे. पायाच्या आकाराच्या साच्यावर, म्हणजे कलबुतावर, चामडे ताणून बसवण्याचे काम दिवसाला पन्नासेक जोड करणाऱ्या कसबी कारागिरांच्या हाती होते. अमेरिकेतील लिन शहरात यान मॅत्झेलिगर याने १८८३ मध्ये त्यासाठी यंत्राचे पेटंट मिळवले आणि तो आकडा कित्येक पटींनी वाढला. तरीही बुटाच्या वरच्या भागाचे तुकडे जुळवणे आणि शिवणे हे काम हातांकडेच राहिले. जिथे यंत्र मजुरीचा खर्च कमी करू शकत नाही, तिथे भांडवल स्वस्त मजुरी शोधत देशोदेशी फिरते, आणि गेली पन्नास-साठ वर्षे नेमके हेच घडत आले आहे.

दक्षिण कोरियातील बुसान हे १९७० आणि १९८० च्या दशकांत खेळाच्या बुटांचे मोठे केंद्र होते. तिथली मजुरी वाढली, कामगार संघटित झाले, तसे ते काम इंडोनेशिया, चीन आणि पुढे व्हिएतनामकडे गेले. कपड्यांच्या बाबतीत या स्थलांतराला आंतरराष्ट्रीय करारांनीच वळण दिले. १९७४ पासून लागू झालेल्या मल्टिफायबर करारात श्रीमंत देशांनी प्रत्येक निर्यातदार देशाचा कोटा ठरवून दिला. तेव्हा ज्यांच्या देशांचा कोटा अपुरा पडू लागला ते उद्योजक कोटा शिल्लक असलेल्या देशांत गेले. कोरियाच्या देवू कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशातील देश गार्मेंट्सशी करार केला आणि तिथल्या १३० जणांना कोरियात नेऊन काम शिकवले. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आज त्या देशाच्या निर्यातीपैकी शेकडा ८० हून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे आणि लाखो स्त्रियांच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा आला तो याच धंद्यामुळे. हे श्रेय नाकारून चालणार नाही, आणि म्हणूनच हा धंदा बंद पडावा असे मी म्हणत नाही. परंतु १ जानेवारी २००५ रोजी कोटा पद्धत संपली आणि खरेदीदाराला जगात कुठूनही माल घेण्याची मोकळीक मिळाली. कारखानदाराला मात्र आपली यंत्रे, इमारत आणि कर्ज घेऊन दुसऱ्या देशात जाता येत नाही. वाटाघाटींतील सगळे पारडे तेव्हापासून एकाच बाजूला झुकले आहे.

भाव कसा ठरतो हे वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळे पुढचे प्रश्न तिथून निघतात. शर्टाचा दर काढताना कापडाचा खप, बटणे, दोरा, लेबल, पेटी यांचा हिशेब मांडला जातो आणि त्याखाली शिलाईची मिनिटे येतात. कॉलर जोडणे, बाही बसवणे, काजे करणे अशा प्रत्येक क्रियेला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजलेले असते. त्या वेळांची बेरीज करून कारखान्याच्या दर मिनिटाच्या खर्चाने गुणले की शिलाईचा दर निघतो. आता खरेदीदाराने निरोप पाठवला की गेल्या हंगामापेक्षा पाच टक्के कमी भावात माल हवा, तर ते पाच टक्के कुठून काढायचे? कापड बहुधा त्यानेच नेमलेल्या गिरणीतून, त्यानेच मान्य केलेल्या भावाने येते. बटणे आणि लेबलांचे पुरवठादारही त्याचेच. विजेचे बिल आणि इमारतीचे भाडे घासाघीस करून उतरत नाही. मी अशी दरपत्रके अनेकदा नव्याने मांडली आहेत आणि दर वेळी ज्या ओळीत फेरफार करता आला ती मिनिटांचीच ओळ होती. कागदावर दोन मिनिटे कमी केली की शिलाईच्या रांगेतील बायकांचे तासाचे उद्दिष्ट वाढते, पाणी प्यायला उठणेही अवघड होते, ओव्हरटाइमची नोंद निम्मीच होते, किंवा कामाचा काही भाग रात्रीतून एखाद्या अशा शेडमध्ये पाठवला जातो जिथे कोणताही तपासनीस कधी पोहोचत नाही. हे पाप कोणा एका कारखानदाराच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही, कारण त्याने नकार दिला तर ती ऑर्डर त्याच संध्याकाळी दुसऱ्याकडे जाते.

पैसे चुकते करण्याची रीत याहून एकतर्फी आहे. पूर्वी लेटर ऑफ क्रेडिटमुळे माल जहाजावर चढला की बँकेच्या हमीने पैसे मिळत. आता कित्येक मोठे खरेदीदार उधारीवर माल घेतात आणि माल रवाना झाल्यावर साठ किंवा नव्वद दिवसांनी पैसे देतात. कापडाचे पैसे आणि मजुरी तोपर्यंत कारखान्यानेच भरलेली असते, तीही पुष्कळदा भरमसाट व्याजाच्या कर्जातून. म्हणजे गरीब देशातील कारखाना श्रीमंत देशातील व्यापाऱ्याला बिनव्याजी भांडवल पुरवतो. नमुना मंजूर करायला खरेदीदारानेच महिना लावला तरी पाठवणीची तारीख हलत नाही, आणि उशीर झालाच तर विमानाने माल पाठवण्याचा खर्च कारखान्याच्या अंगावर येतो. २०२० मध्ये महासाथीने दुकाने बंद झाली तेव्हा अनेक नामांकित ब्रँडांनी शिवून तयार असलेल्या मालाच्याही ऑर्डरी रद्द केल्या किंवा लांबणीवर टाकल्या. एकट्या बांगलादेशात अशा ऑर्डरींची किंमत तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने जाहीर केले होते. जगभरातून टीका झाल्यावर काहींनी पैसे देण्याचे मान्य केले. पण ज्या करारांतून ते एका पत्रानिशी अंग काढून घेऊ शकले, ते करार आजही बहुतांशी त्याच स्वरूपाचे आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क वाढवले तेव्हाही कित्येक खरेदीदारांनी त्या शुल्काचा काही भाग कारखान्यांनी सोसावा म्हणून भावात सूट मागितलीच.

पादत्राणांच्या धंद्यात हा एकतर्फीपणा अधिकच जाचक होतो. शर्टाचे कापड दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामी लावता येते. बुटाचे तसे नाही. प्रत्येक नमुन्याला, प्रत्येक मापाला वेगळे कलबूत लागते, तळव्याचा धातूचा साचा वेगळा लागतो, आणि वरच्या भागावर ब्रँडची खूण शिवलेली असते. अर्धवट झालेली ऑर्डर रद्द झाली तर ते जोड दुसऱ्या कोणाला विकण्याचा कारखान्याला अधिकारच नसतो. जगात दरवर्षी वीस अब्जांहून अधिक जोड तयार होतात आणि त्यांतले बहुसंख्य आशियात. त्यांचे तळ चिकटवणाऱ्या गोंदाकडे ग्राहकाचे कधी लक्षही जात नाही. इस्तंबूलमधील डॉक्टर मुझफ्फर आक्सोय यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की बेंझीन असलेला गोंद वापरणाऱ्या तिथल्या जोडे बनवणाऱ्या कामगारांना रक्ताचा कर्करोग होत होता. पाण्यावर आधारित, कमी धोक्याचे गोंद आज उपलब्ध आहेत. ते वापरायचे तर वाळवण्यासाठी जास्त उष्णता लागते आणि वेळही जास्त लागतो, आणि पुन्हा तोच प्रश्न येतो की त्या वेळेचे पैसे भावात धरलेले आहेत का.

निळ्या जीनचे उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. नवी कोरी जीन जुनी, झिजलेली दिसावी अशी फॅशन निघाली आणि तो परिणाम सर्वांत स्वस्तात साधायचा उपाय म्हणजे दाबाखाली वाळूचा फवारा मारणे. बंद खोल्यांत, धड मुखवटाही न घालता हे काम करणाऱ्या तुर्कस्तानातील तरुण मुलांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साचली. खाणकामगारांना वीस-वीस वर्षांनी जडणारा सिलिकोसिस त्यांना अगदी थोड्या काळात जडला, कित्येक दगावले, आणि २००९ मध्ये तिथल्या सरकारने या पद्धतीवर बंदी घातली. त्यानंतर हे काम इतर देशांतही होत राहिल्याचे उघड झाले. जीन कशी दिसावी हे त्या मुलांनी ठरवले नव्हते आणि त्यांच्या मालकानेही नव्हते. ज्याने ठरवले त्याच्यावर ठपका ठेवता येईल असा कायदा मात्र कुठेच नव्हता.

आता चामड्याकडे वळतो. कातडे हे मांस व्यवसायाचे उपउत्पादन आहे. जनावरे चामड्यासाठी पाळली जात नाहीत, त्यामुळे चामड्याची मागणी घटली म्हणून कातड्यांचा पुरवठा घटत नाही, आणि गेल्या दशकात कृत्रिम चामड्याचा जोर वाढल्यावर कच्च्या कातड्यांचे भाव इतके कोसळले की अमेरिकेत कित्येक कातडी कमावण्याऐवजी जमिनीत पुरली गेली. अशा बाजारात टॅनरी, म्हणजे कातडी कमावण्याचा कारखाना, अगदी थोड्या नफ्यावर चालते. खारवलेले कातडे धुवायचे, चुन्यात टाकून केस काढायचे, मग क्रोमियमच्या क्षारांत किंवा झाडांच्या सालींच्या अर्कात ते कमवायचे. सालींच्या अर्काला आठवडे लागतात, क्रोमचे काम साधारण एका दिवसात उरकते, आणि म्हणून जगातले शेकडा ८० च्या आसपास चामडे क्रोमनेच कमावले जाते. एक टन कच्च्या कातड्यांतून जेमतेम दोनशे-अडीचशे किलो तयार चामडे निघते. उरलेले सगळे मीठ, चुना, चरबी, केस, क्रोमियम आणि शेकडो पिंपे पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. हे सांडपाणी शुद्ध करायला खर्च येतो आणि त्या खर्चाने चामड्याचा पोत तसूभरही सुधारत नाही. म्हणजे भाव पाडून मागणाऱ्याला जे दिसत नाही, त्यालाच पहिली कात्री लागते. ढाक्यातील हजारीबागच्या टॅनऱ्या न्यायालयाच्या आदेशाने २०१७ मध्ये शहराजवळच्या साभारला हलवल्या गेल्या, पण तिथला सामाईक सांडपाणी प्रकल्प तेव्हा पूर्ण झालेला नव्हता, आणि प्रदूषण एका नदीकाठावरून दुसऱ्या नदीकाठावर गेले.

याच चामड्याच्या बाबतीत एक गोष्ट फार बोलकी आहे. क्रोमियमचे जे रूप त्वचेला घातक असते त्याचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवे, असा नियम युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंना लावला. तो नियम योग्यच आहे आणि तो पाळला जावा म्हणून जगभरच्या टॅनऱ्यांनी आपल्या पद्धती सुधारल्या. यावरून इतके तरी सिद्ध होते की ज्या देशात माल विकला जातो त्या देशाने मनात आणले तर हजारो मैलांवरच्या हौदातील रसायन बदलते. मग ग्राहकाच्या पायाला पुरळ उठू नये यासाठी जे करता येते, ते हौदात उतरणाऱ्या कामगारासाठी का करता येऊ नये?

यावर उत्तर दिले जाते की तपासण्या होतात, प्रमाणपत्रे दिली जातात. त्या प्रमाणपत्रांची किंमत सांगायला दोन घटना पुरेत. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे जळून व गुदमरून मेली. त्या कारखान्याला कामगारांच्या सुस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अवघ्या काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून अकराशेहून अधिक लोक मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी उघडली नाहीत. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कारखान्यांतील कामगारांना मात्र बोलावण्यात आले, कारण पाठवणीच्या तारखा जवळ आल्या होत्या. तिथे कोणाचा माल शिवला जात होता हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यात लेबले शोधावी लागली.

त्यानंतर जे घडले त्याचा अभ्यास व्हायला हवा. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा ‘अकॉर्ड’ झाला. तो स्वेच्छेचा जाहीरनामा नव्हता. कायद्याने बंधनकारक करार होता, आणि त्यात खरेदीदाराला लवादासमोर खेचता येत होते. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात सामील झाले आणि कारखान्यांत अग्निरोधक दरवाजे बसले, खांब भक्कम झाले, बाहेरून कड्या घालण्याची पद्धत मोडली. वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनी जे साधले नव्हते ते करारावर सही करणारा खरेदीदार बांधला गेल्यावर काही वर्षांत साधले. त्या करारातील उणीव इतकीच की तो मुख्यतः इमारतींच्या सुरक्षेपुरता राहिला. भाव, मुदत आणि देणी यांना त्याने फारसा हात घातला नाही.

हा हात घालण्याची उदाहरणेही आहेत. न्यूयॉर्कच्या कपडा व्यवसायात कापड आणि नमुना देऊन लहान कंत्राटदारांकडून शिलाई करून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना जॉबर म्हणत. तिथल्या स्त्रियांच्या वस्त्रोद्योगातील युनियनने १९३० च्या दशकात जॉबरांशी असे करार केले की कंत्राटदाराला मजुरी देता येईल इतका भाव जॉबरने द्यायचा आणि मजुरी बुडाली तर तो जबाबदार. अलीकडे कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून कपड्यांच्या शिलाईतील नगावारी मजुरी बंद केली आणि मजुरी बुडाल्यास ब्रँडलाही जबाबदार धरले. खाद्यपदार्थांच्या व्यापारात तर हे तत्त्व युरोपने केव्हाच स्वीकारले आहे. नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांत द्यावेत आणि तीस दिवसांपेक्षा कमी मुदत देऊन त्याची ऑर्डर रद्द करू नये, असे युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश सांगतो. ब्रिटनमध्ये मोठी सुपरमार्केटे पुरवठादारांशी कशी वागतात यावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र अधिकारी २०१३ पासून आहे. भाजीपाला पिकवणाऱ्याला जे संरक्षण योग्य वाटले ते बूट आणि शर्ट शिवणाऱ्याला नाकारण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. फॅशनचा मालही हंगाम उलटला की नाशवंतच असतो.

तेव्हा मागणी अशी आहे की ज्या देशांत हा माल विकला जातो, त्या देशांनी खरेदी कराराचेच नियमन करावे. उत्पादन सुरू झाल्यावर ऑर्डर रद्द केली तर झालेला खर्च भरून द्यावा लागेल, माल पाठवल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतील, आणि कायदेशीर मजुरी व सांडपाण्याचा खर्च भागणार नाही इतका कमी भाव दिल्यास खरेदीदारही बुडालेल्या मजुरीला आणि नुकसानीला उत्तरदायी राहील, एवढ्या तरतुदी पुरेशा आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडील मानवी हक्कांविषयी दक्ष राहण्याचे कर्तव्य घातले, जर्मनीचा पुरवठासाखळी कायदा २०२३ पासून लागू झाला आणि २०२४ मध्ये युरोपीय संघानेही तसा निर्देश काढला. परंतु २०२५ मध्ये उद्योगांच्या दबावाखाली त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. शिवाय या कायद्यांचा भर जोखीम शोधण्यावर आणि अहवाल लिहिण्यावर आहे. अहवालाचा कागद वाढतो, भाव तसाच राहतो.

असे नियम केले तर ग्राहकाला महाग पडेल, हा आक्षेप हमखास घेतला जातो. स्वस्तातल्या शर्टाच्या विक्री किमतीत तो शिवणाऱ्या बाईच्या मजुरीचा वाटा साधारणपणे शेकडा पाचाच्याही आत असतो. ती मजुरी दुप्पट झाली तरी दुकानातील किंमत फारशी हलायला नको, आणि तेवढी जास्त किंमत मोजायला लागली तर ग्राहकांनी मोजावी, असे मी संकोच न ठेवता म्हणतो. दुसरा आक्षेप असा की एका देशाने नियम कडक केले की धंदा शेजारच्या देशात जाईल. तो खरा आहे. नेमका म्हणूनच नियम उत्पादक देशावर न सोपवता बाजाराच्या देशात करायला हवा, कारण खरेदीदार कारखाना बदलू शकतो, पण आपले ग्राहक बदलू शकत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. कपडे आणि पादत्राणांच्या निर्यातीची बातमी छापताना मालाची एकूण किंमत देता, तशी नगामागची किंमत गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली आणि कारखान्यांना पैसे किती दिवसांनी मिळतात, हेही विचारून छापावे. अपघाताची बातमी देताना कारखान्याच्या मालकाच्या नावाबरोबर तिथे कोणत्या खरेदीदाराचा माल तयार होत होता, त्याची पाठवणीची तारीख कोणती होती आणि त्या खरेदीदाराने भरपाईविषयी काय उत्तर दिले, हे त्याच बातमीत यावे. आणि सहा महिन्यांनी ती भरपाई प्रत्यक्षात मिळाली का, याचा पाठपुरावाही व्हावा.

आपला विश्वासू,
एक वाचक